आयएल-२ वर टी पेशी वाढवताना: कुपी उघडण्यापासून पेशी मोजण्यापर्यंत

माणसाच्या रक्तातून काढलेल्या टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) इंटरल्यूकिन-२, म्हणजेच आयएल-२, हा वाढीचा प्रथिन घटक देऊन वाढवणे हे काम कागदावर चार ओळींत मावते, तरीही ते वरचेवर फसते. फसले की पहिला संशय महागड्या कुपीवर जातो, दुसरी कुपी मागवली जाते आणि तीही त्याच पद्धतीने वाया जाते. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या संवर्धनांत कुपी निर्दोष होती. एक तर घटक पेशीपर्यंत पोचलेला नव्हता, नाही तर तो पोचला तेव्हा पेशीकडे तो धरून ठेवण्याची सोय नव्हती. त्यामुळे या लेखात सर्वाधिक जागा तयारीला आणि पायऱ्यांच्या क्रमाला दिली आहे.

क्रमाचे महत्त्व एका गोष्टीवरून कळेल. पेशीच्या पृष्ठभागावर आयएल-२ धरणारे जे प्रथिन असते, त्या ग्राहीचे तीन भाग असतात: अल्फा, बीटा आणि गॅमा. हे तिन्ही एकत्र असले, तर दहा पिकोमोलरच्या आसपासच्या अत्यल्प प्रमाणातही घटक घट्ट धरला जातो. मात्र शांत टी पेशीवर अल्फा भाग, म्हणजेच सीडी२५, जवळजवळ नसतो. पेशीला तिच्या मुख्य ग्राहीमार्फत चेतना मिळाल्यावर तो पृष्ठभागावर येतो आणि दोन ते तीन दिवसांत भरपूर होतो. जाग्या न झालेल्या टी पेशींना कितीही आयएल-२ घातले तरी त्यांची वाढ होणार नाही.

## सुरुवात करण्यापूर्वी

रक्तदात्याची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हाती असल्याशिवाय रक्त काढू नये. प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे धरूनच काम करावे. काम दुसऱ्या श्रेणीच्या जैवसुरक्षा कक्षात व्हावे आणि हाताळणाऱ्याने हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी. दाता मिळत नाही म्हणून स्वतःचेच रक्त काढून वाढवण्याची सवय काही विद्यार्थ्यांना असते. ती पूर्णपणे चुकीची आहे. संवर्धनात बदललेल्या परक्या पेशी चुकून शरीरात गेल्या तर शरीर त्या परतवून लावते, स्वतःच्या पेशींच्या बाबतीत ती खात्री देता येत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. आपल्याकडे पेशी कोणी लाखांत मोजतो, कोणी मिलियनमध्ये, आणि एकाच वहीत दोन्ही आले की दहापटीची चूक ठरलेली. एक मिलियन म्हणजे १० लाख. या लेखात सगळे आकडे लाखांत आहेत. वहीतही एकच पद्धत ठेवावी.

## १. एककांचा हिशेब, कुपी उघडण्याआधी

कुपीवर वजन मायक्रोग्रॅममध्ये असते आणि कृतिपत्रिकेत मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत, म्हणजे आययूमध्ये, दिलेली असते. या दोहोंना जोडणारा आकडा म्हणजे विशिष्ट क्रियाशीलता: एका मिलिग्रॅममध्ये किती आययू. तो कुपीसोबतच्या प्रमाणपत्रावर असतो आणि प्रत्येक उत्पादनासाठी वेगळा असतो. औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या आल्डेस्ल्यूकिनमध्ये १.१ मिलिग्रॅमला १८० लाख आययू असतात, म्हणजे मिलिग्रॅमला सुमारे १६४ लाख. संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक कुप्यांवर तो आकडा मिलिग्रॅमला १०० लाखांच्या जवळपास असतो. जुन्या शोधनिबंधांत सीटस एकके, म्हणजे आययूच्या आधीची वेगळी मोजपद्धत, आढळतात. एक सीटस एकक म्हणजे ६ आययू. हे लक्षात न घेता जुनी मात्रा जशीच्या तशी उचलली, तर पेशींना ठरवलेल्याच्या सहाव्या हिश्शाइतकाच घटक मिळतो.

समजा कुपी ५० मायक्रोग्रॅमची आहे आणि क्रियाशीलता मिलिग्रॅमला १०० लाख आययू आहे. म्हणजे कुपीत ५ लाख आययू आहेत. ती अर्ध्या मिलिलिटरमध्ये विरघळवली तर मिलिलिटरला १० लाख आययूचे मूळ द्रावण मिळेल. ते प्रथिनयुक्त द्रवात दहापट पातळ केले की मिलिलिटरला १ लाख आययूचे ५ मिलिलिटर साठा द्रावण तयार होते. असा साठा हाताशी असला की पुढचे सगळे गणित तोंडी होते: एक मिलिलिटर माध्यमात १ मायक्रोलिटर साठा घातला की मात्रा १०० आययू होते.

तपासणी: हा हिशेब वहीत लिहून दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते टाळणारेच नंतर दोन आठवडे घालवतात.

## २. कुपी विरघळवणे

या टप्प्यावर जितके आयएल-२ वाया जाते तितके दुसऱ्या कुठेच जात नाही. जीवाणूंमध्ये तयार केलेले हे प्रथिन पाण्यापासून अंग चोरणारे असते. उदासीन आणि प्रथिनरहित द्रवात ते आपसात गोळा होते आणि पातळ द्रावणात असेल तर नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसते. डोळ्यांना द्रावण स्वच्छ दिसते, घटक मात्र भिंतीवर असतो.

एक. कुपी फ्रीझरमधून काढल्यावर बंद अवस्थेतच सामान्य तापमानाला येऊ द्यावी. थंड कुपी लगेच उघडली तर हवेतला ओलावा आत जमतो, आणि पावसाळ्यात तर हमखास जमतो.

दोन. बंद कुपी लहान सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवावी. आतला थर इतका अल्प असतो की तो पुष्कळदा दिसतही नाही आणि तो टोपणाच्या आतल्या बाजूला उडालेला असू शकतो. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा कुपी न फिरवताच टोपण उघडून बाजूला ठेवले आणि रिकाम्या तळात द्रव घातला. पेशी पाचव्या दिवशी मरू लागल्या. कुपीचे टोपण तोवर कचऱ्यात गेले होते.

तीन. द्रव उत्पादकाच्या पत्रकात सांगितलेलाच घ्यावा. संशोधनाच्या अनेक कुप्यांना १० किंवा १०० मिलिमोलर ॲसिटिक आम्ल लागते. १०० मिलिमोलरसाठी शुद्ध ग्लेशियल ॲसिटिक आम्लाचे ०.५७ मिलिलिटर १०० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घालून ते गाळून घ्यावे. आल्डेस्ल्यूकिनची औषधी कुपी असेल तर तिला फक्त निर्जंतुक पाणी चालते. सलाइन किंवा जंतुरोधक घातलेले पाणी वापरले तर प्रथिनाच्या गुठळ्या होतात.

चार. द्रव कुपीच्या भिंतीवरून हळूच सोडावा, कुपी हाताने फिरवावी आणि दहा ते पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. व्हॉर्टेक्सवर, म्हणजे नळी जोराने हलवणाऱ्या यंत्रावर, धरू नये. फेस झाला म्हणजे हवा आणि द्रवाच्या सीमेवर प्रथिन उलगडून निकामी होत आहे असे समजावे.

पाच. पुढचे दहापट पातळ करणे हे ०.१ टक्के अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) असलेल्या द्रवात किंवा सीरमयुक्त माध्यमातच करावे. इथले अल्ब्युमिन प्लास्टिकवरची जागा आधीच अडवते आणि आयएल-२ द्रावणात राहते. आम्लाची काळजी नको. दहापट आणि मग हजारपट पातळ झाल्यावर ते नगण्य उरते.

सहा. १०० मायक्रोलिटरचे वाटे करावेत. प्रत्येक वाट्यात १०,००० आययू असतात आणि १०० मिलिलिटर माध्यमाला एक वाटा पुरतो. नळीवर घटकाचे नाव, मिलिलिटरला किती आययू, उत्पादन क्रमांक आणि तारीख लिहावी. वाटे उणे ८० अंशांवर ठेवावेत. एकदा वितळलेला वाटा ४ अंशांवर आठवडाभर वापरावा. तो पुन्हा गोठवू नये.

इशारा: घरगुती पद्धतीचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर या कामाला चालत नाही, कारण तो ठरावीक वेळाने आतले तापमान वर नेतो. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी वाटे दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये विभागून ठेवावेत.

इशारा: कुपी निर्जंतुक असेल तर द्रावण पुन्हा गाळू नये. गाळणे भागच असेल तर अल्ब्युमिन घातल्यानंतर आणि प्रथिन कमी धरणाऱ्या पडद्यातूनच गाळावे.

## ३. माध्यम आणि सीरम

आरपीएमआय १६४० या तयार माध्यमात १० टक्के सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव), २ मिलिमोलर ग्लुटामिन, आम्लता स्थिर ठेवणारे १० मिलिमोलर हेपेस आणि नेहमीची प्रतिजैविके, म्हणजे पेनिसिलीन मिलिलिटरला १०० एकके व स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम, इतके पुरते. उंदराच्या पेशींना यावर ५० मायक्रोमोलर बीटा-मर्काप्टोइथेनॉल लागते, १४.३ मोलर साठ्यातून लिटरला ३.५ मायक्रोलिटर. हा साठा फ्यूम हूडखालीच उघडावा. ग्लुटामिन ४ अंशांवरही हळूहळू विघटित होते, म्हणून महिनाभर फ्रीजमध्ये पडलेल्या माध्यमाची बाटली नवीन मानू नये.

खरा प्रश्न सीरमचा आहे. सीरम हे केवळ अन्न नव्हे. त्यात वाढ रोखणारे विद्राव्य घटकही असतात. त्यांत टीजीएफ-बीटा सर्वांत महत्त्वाचा. तो बहुतांशी सुप्त रूपात असतो, पण जागा झाला की टी पेशींचे विभाजन मंदावतो आणि आयएल-२ च्या परिणामालाही आवर घालतो. त्याचे प्रमाण प्रत्येक सीरमच्या बाटलीगणिक बदलते. एका दात्याच्या पेशी एका सीरमवर झपाट्याने वाढतात आणि त्याच दिवशी दुसऱ्या सीरमवर अडखळतात, त्यामागचे हे एक कारण असू शकते.

म्हणून मोठी खरेदी करण्याआधी दोन-तीन उत्पादन क्रमांकांचे नमुने मागवावेत, एकाच दात्याच्या पेशी एकाच दिवशी त्या सर्वांवर लावाव्यात आणि सातव्या दिवशी मोजाव्यात. जो क्रमांक चांगला ठरेल त्याच्या वर्षभर पुरतील इतक्या बाटल्या राखून ठेवायला पुरवठादाराला सांगावे. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवायचे असेल तर घड्याळ लावून तापवावे. तासभर तापवलेले सीरम अधिक सुरक्षित होत नाही, त्यात फक्त गाळ वाढतो.

## ४. रक्तातून पेशी वेगळ्या करणे

हेपरिन घातलेले रक्त सामान्य तापमानालाच ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर वापरावे. पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा जड द्रव म्हणजे फायकॉल. फ्रीजमधून काढलेले रक्त आणि थंड फायकॉल ही जोडी थर बिघडवते.

रक्त तेवढ्याच फॉस्फेट सलाइनने पातळ करावे. ५० मिलिलिटरच्या नळीत १५ मिलिलिटर फायकॉल, घनता १.०७७, घ्यावे आणि त्यावर ३० मिलिलिटरपर्यंत पातळ रक्त नळी तिरकी धरून इतक्या सावकाश सोडावे की दोन थरांमधली रेघ स्पष्ट राहील. ४०० जी वर ३० मिनिटे, २० अंशांवर, ब्रेक पूर्ण बंद ठेवून फिरवावे.

'जी' (गुरुत्वाच्या किती पट जोर) आणि फेऱ्या यांची गल्लत इथे नेहमी होते. मध्यापासून नळीच्या तळापर्यंतचे अंतर १६ सेंटीमीटर असेल तर ४०० जी म्हणजे मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्या, आणि १० सेंटीमीटर असेल तर सुमारे १,९००. दुसऱ्याच्या यंत्रावरचा फेऱ्यांचा आकडा आपल्या यंत्रावर उतरवू नये.

मधला पांढुरका थर पिपेटने गोलाकार फिरवत उचलावा. खालचे फायकॉल जास्त येऊ देऊ नये. ते पेशींना जड असते आणि पुढच्या धुण्यात पेशी तळाशी बसत नाहीत. पहिले धुणे ३०० जी वर १० मिनिटे, आणि त्यानंतरची दोन २०० जी वर १० मिनिटे. या शेवटच्या हलक्या धुण्यांचा हेतू प्लेटलेट काढणे हा आहे. प्लेटलेटच्या पोटात टीजीएफ-बीटाचा मोठा साठा असतो, आणि त्या तशाच राहिल्या तर सीरम कितीही पारखून घेतलेले असले तरी रोधक घटक आपणच संवर्धनात सोडलेला असतो. वरचा द्रव दुधट दिसला तर आणखी एकदा धुवावे.

तपासणी: निरोगी दात्याच्या एक मिलिलिटर रक्तातून साधारण १० ते २० लाख एककेंद्रकी पेशी (टी पेशी, एनके पेशी, मोनोसाइट वगैरेंचे मिश्रण) मिळतात. मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजणी करावी. पेशी आणि रंग समप्रमाणात मिसळून मोजणीच्या काचपट्टीवरील चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांत मिळून १६० जिवंत पेशी आल्या, तर सरासरी ४०, गुणिले २, गुणिले १०,०००. म्हणजे मिलिलिटरला ८ लाख. जिवंतपणा ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे जाण्याआधी कारण शोधावे.

## ५. पेशी जाग्या करणे

पेशी मिलिलिटरला १० लाख या घनतेने लावाव्यात. चेतना देण्याचे तीन रुळलेले मार्ग आहेत.

पहिला, पीएचए-एल हे घेवड्यातले प्रथिन, मिलिलिटरला १ ते ५ मायक्रोग्रॅम. स्वस्त आणि भरवशाचा, पण तो पेशींना एकमेकींना चिकटवतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांची मोजणी विश्वासार्ह नसते.

दुसरा, सीडी३ (टी पेशीच्या मुख्य ग्राहीला जोडलेले प्रथिन) विरोधी प्रतिपिंड द्रावणात, मिलिलिटरला ३० ते ५० नॅनोग्रॅम. इथे एक बारकावा आहे जो अनेकांच्या नजरेतून सुटतो. द्रावणातले प्रतिपिंड टी पेशीला नीट जागे करते ते मिश्रणातल्या मोनोसाइट पेशींमुळे. या मोनोसाइट पेशी प्रतिपिंडाची शेपटी धरून ते एका जागी गोळा करतात. टी पेशी शुद्ध करून घेतल्या आणि मोनोसाइट काढून टाकले, तर तेच प्रतिपिंड तेवढ्याच मात्रेत जवळपास निरुपयोगी ठरते. शुद्ध पेशींसाठी प्लेटच्या तळावर प्रतिपिंड बसवावे लागते: मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, साध्या फॉस्फेट सलाइनमध्ये, ३७ अंशांवर दोन तास किंवा ४ अंशांवर रात्रभर. या सलाइनमध्ये अल्ब्युमिन किंवा सीरम घालू नये. दुसऱ्या टप्प्यात प्लास्टिकची जागा अडवणे आपल्याला हवे होते, इथे तेच आपल्याला मारक आहे. त्यानंतर तळ धुऊन पेशी घालाव्यात आणि जोडीचा दुसरा इशारा देणाऱ्या सीडी२८ या प्रथिनाविरोधी प्रतिपिंड मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम द्रावणात द्यावे.

तिसरा, दोन्ही प्रतिपिंडे बसवलेले चुंबकीय मणी, पेशीला एक मणी या प्रमाणात. महाग, पण सर्वांत एकसारखा.

इशारा: फ्लो सायटोमेट्रीसाठी (रंगवलेल्या पेशी यंत्रात एकेक करून मोजण्यासाठी) आणलेले प्रतिपिंड संवर्धनात घालू नये. त्यात बहुधा सोडियम अझाइड असते आणि ते पेशींची श्वसनक्रिया बंद पाडते. पत्रकावर अझाइडरहित असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यावे.

तपासणी: २४ ते ४८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे द्राक्षाच्या घडासारखे पुंजके दिसले पाहिजेत, आणि घडाच्या कडेच्या पेशी फुगलेल्या, काहीशा लांबट. एकूण संख्या या काळात घटली तरी घाबरू नये. जाग्या न झालेल्या पेशी गळतात आणि विभाजनाला अजून सुरुवात व्हायची असते. पुंजके नसतील तर आयएल-२ घालण्यात अर्थ नाही, चेतनेतच चूक आहे.

## ६. आयएल-२ कधी आणि किती

मिश्र पेशींवर मी ते ४८ तासांनी घालतो, कारण तोवर सीडी२५ पुरेसे वर आलेले असते. पहिल्याच दिवशी घातले तर टी पेशींचे नुकसान होत नाही. पण मिश्रणात एनके पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी) याही असतात, त्यांच्यावर बीटा आणि गॅमा भाग आधीपासून असतात, आणि मात्रा मोठी असेल तर टी पेशींना जाग येण्याआधीच त्या पुढे सरकतात. शुद्ध टी पेशी आणि मणी असतील तर पहिल्या दिवसापासून घालायला हरकत नाही.

रोजच्या वाढीसाठी मिलिलिटरला ५० ते १०० आययू पुरेसे आहेत. कर्करोगाच्या गाठींमधून काढलेल्या टी पेशी वाढवताना मिलिलिटरला ६,००० आययूपर्यंत मात्रा वापरली जाते हे खरे, पण तो आकडा पाहून रक्तातल्या पेशींनाही तेवढेच पाजणे ही हौस आहे. जास्त मात्रेने एनके पेशी वाढतात आणि पुन्हा चेतना मिळालेल्या टी पेशी मरण्याकडे झुकतात. स्मृती पेशी (आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या टी पेशी) टिकवणे हा हेतू असेल तर आयएल-२ वाढवण्याऐवजी आयएल-७ आणि आयएल-१५, प्रत्येकी मिलिलिटरला ५ ते १० नॅनोग्रॅम, हा पर्याय बरा.

प्रजातीचा प्रश्नही इथेच येतो. माणसाचे आयएल-२ उंदराच्या पेशींवर चांगले चालते. उंदराचे मात्र माणसाच्या पेशींवर फारच अशक्त ठरते. फ्रीझरमध्ये दोन्ही असतील तर नळ्यांना वेगळ्या रंगाच्या टोप्या द्याव्यात.

## ७. तिसऱ्या दिवसानंतरची निगा

पेशी आयएल-२ नुसते वापरत नाहीत, ग्राहीसकट आत ओढून संपवतात. त्यामुळे दर दोन ते तीन दिवसांनी ते नव्याने द्यावे लागते, माध्यमाचा रंग अजून लालसर असला तरीही.

दर वेळी पुंजके पिपेटने हलकेच सोडवावेत, मोजावे आणि घनता मिलिलिटरला ५ लाखांवर आणावी. ती २० लाखांच्या वर जाऊ देऊ नये. तिथे लॅक्टिक आम्ल आणि पेशींनी स्वतः सोडलेले रोधक घटक वाढीला लगाम घालतात. उलट, भीतीपोटी १ लाखापर्यंत पातळ करणेही चूक आहे, कारण या पेशी एकमेकींच्या स्रावांवर जगतात आणि विरळ झाल्या की खुंटतात.

उदाहरण घेऊ. पाचव्या दिवशी २० मिलिलिटरमध्ये मिलिलिटरला १८ लाख पेशी आहेत, म्हणजे एकूण ३६० लाख. ५ लाखांच्या घनतेसाठी ७२ मिलिलिटर हवेत, म्हणून ५२ मिलिलिटर ताजे माध्यम घालावे. आयएल-२ मात्र ५२ मिलिलिटरच्या नव्हे, पूर्ण ७२ मिलिलिटरच्या हिशेबाने द्यावे: ७,२०० आययू, म्हणजे साठ्याचे ७२ मायक्रोलिटर. जुन्या माध्यमातला घटक संपलेला आहे असेच गृहीत धरावे.

साठा मोजलेल्या माध्यमात आधी मिसळून मग पेशींवर घालावा. प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, थेट अर्धा-एक मायक्रोलिटर टाकण्याचा प्रयत्न केला की पिपेटच्या टोकालाच निम्मा राहतो.

पावसाळ्यात इन्क्युबेटरमधील पाण्याचे ताट दर आठवड्याला रिकामे करून, ते ७० टक्के अल्कोहोलने पुसून, निर्जंतुक पाण्याने भरावे. जून ते सप्टेंबर या काळात माझी जितकी संवर्धने बुरशीने गेली, तितकी उरलेल्या आठ महिन्यांत मिळूनही गेलेली नाहीत.

## ८. तुलनेच्या वेल

आयएल-२ ने वाढ झाली असे म्हणायचे असेल तर किमान चार वेल हव्यात: काहीच नाही, फक्त चेतना, फक्त आयएल-२, आणि दोन्ही. त्या कोणत्या दिवशी वाचायच्या हे त्यांच्याइतकेच महत्त्वाचे आहे. जागी झालेली टी पेशी सुरुवातीला स्वतःच आयएल-२ स्रवते, म्हणून तिसऱ्या दिवशी 'फक्त चेतना' आणि 'दोन्ही' या वेलमध्ये फारसा फरक दिसत नाही. तेवढ्यावरून घटक निकामी आहे असा निष्कर्ष काढून कुपी फेकणारे मी पाहिले आहेत. फरक पाचव्या-सहाव्या दिवसानंतर उघड होतो: एका वेलमधल्या पेशी आक्रसू लागतात आणि दुसरीतल्या दुपटी घेत राहतात.

## ९. घटकाची ताकद तपासणे

नवा उत्पादन क्रमांक आला, किंवा साठा वर्षभर जुना झाला, की त्याची क्रिया मोजावी. प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखणारी एलायझा चाचणी प्रथिन आहे एवढेच सांगते. ते काम करते का हे पेशीच सांगते. यासाठी उंदराच्या सीटीएलएल-२ या पेशी वापरतात. आयएल-२ नसेल तर त्या साधारण एका दिवसात मरू लागतात आणि हाच त्यांचा उपयोग. पेशीवंश परदेशातून मागवण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडाराकडे विचारणा करून पाहावी.

या पेशी सांभाळताना मिलिलिटरला २ लाखांच्या वर जाऊ देऊ नये आणि त्यांना उपाशीही ठेवू नये. एकदा उपाशी राहून वाचलेल्या पेशी पुढे आयएल-२ शिवायही तग धरू शकतात, आणि मग त्या चाचणीच्या उपयोगाच्या राहत नाहीत.

चाचणीच्या दिवशी पेशी तीन वेळा धुवाव्यात आणि आयएल-२ नसलेल्या माध्यमात सुमारे चार तास ठेवाव्यात. ९६ वेलच्या प्लेटमध्ये नमुना मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमपासून निम्म्या-निम्म्याने बारा पायऱ्या पातळ करावा, प्रत्येक पायरी तीन वेलमध्ये. पातळ करताना दर पायरीला पिपेटचे टोक बदलावे. एकाच टोकाने खालपर्यंत गेले की वरचा घटक खाली ओढला जातो आणि नमुना आहे त्यापेक्षा ताकदवान भासतो. दर वेलमध्ये १०,००० पेशी घालाव्यात. कडेच्या वेलमधून पाणी उडते, म्हणून तिथे फक्त सलाइन भरावे. आडव्या ओळीत त्यामुळे दहाच वेल उरतात, तेव्हा बारा पायऱ्या दोन ओळींत विभागाव्यात. २० ते २४ तासांनी जिवंत पेशींमुळे रंग बदलणारे रेझाझुरिन किंवा एमटीटी घालून चार तासांनी वाचन घ्यावे.

वाढीच्या वक्राच्या मध्यबिंदूला, म्हणजे निम्मी वाढ होते तिथे, घटकाचे मिलिलिटरला जितके नॅनोग्रॅम येतात त्याने १० लाखांना भागले की मिलिग्रॅमला किती एकके ते मिळते. मध्यबिंदू मिलिलिटरला ०.१ नॅनोग्रॅम असेल तर मिलिग्रॅमला १०० लाख. मात्र हे आपल्या प्लेटचे एकक झाले. आययूमध्ये सांगायचे असेल तर त्याच प्लेटवर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणद्रव्याशी, किंवा त्याच्याशी ताडून घेतलेल्या नमुन्याशी, तुलना करावीच लागते.

इशारा: सीटीएलएल-२ पेशी आयएल-१५ वरही वाढतात. एखाद्या संवर्धनाचा वरचा द्रव तपासत असाल तर आयएल-२ रोखणारे प्रतिपिंड घालून वाढ थांबते का ते पाहावे. त्याशिवाय तो घटक आयएल-२ च होता असे लिहू नये.

## १०. वाढ होत नसेल तर शोधण्याचा क्रम

आधी पुंजके आठवा. ते झालेच नसतील तर चेतना, अझाइड, आणि शुद्ध पेशींवर द्रावणातले प्रतिपिंड या तीन गोष्टी पाहाव्यात. पुंजके झाले, पण पाचव्या दिवशी पेशी आक्रसल्या, तर एककांचा हिशेब पुन्हा करावा आणि साठा प्रथिनाशिवाय पातळ केला गेला का ते विचारावे. सगळ्याच दात्यांच्या पेशी मंद वाढत असतील तर सीरम आणि प्लेटलेट. एकाच दात्याच्या असतील तर तो दाता. माणसागणिक वाढीत बराच फरक असतो.

हे सगळे ठीक असूनही वाढ रखडत असेल, तर मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूची पीसीआर (डीएनए ओळखणारी) चाचणी करावी. या जंतूला पेशीभित्ती नसते, म्हणून पेनिसिलीन त्याचे काही बिघडवू शकत नाही. माध्यम गढूळ होत नाही, आणि तो माध्यमातले आर्जिनिन संपवून टी पेशींना उपाशी मारतो. प्रयोगशाळेत पेशीवंश सांभाळले जात असतील तर ही चाचणी दर महिन्याला व्हावी, आणि बाहेरून आलेली प्रत्येक नळी निकाल येईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये राहावी.

संवर्धन संपवताना द्रव कचरा १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवावा. पेशी आणि संवर्धने २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार जागेवरच निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीत, आणि दूषित प्लास्टिक लाल पिशवीत जाईल. हायपोक्लोराइट घातलेला द्रव ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नये. त्यातून क्लोरीन बाहेर पडतो.